कोयनेकाठी पाठीवर सामान घेऊन मुक्कामाला जायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीहून पाच जण, त्यांत तुमची चौदा वर्षांची मुलगी, डिसेंबरात दोन रात्री कोयनेच्या जलाशयाकाठी टेंट लावून राहायचं आहे. गाडीशेजारी टेंट ठोकायचा नाही, सामान पाठीवर घेऊन तीन-चार तास चालत जायचं. वासोटा गडाच्या पायथ्याची, पाण्याला अगदी लागून असलेली जागा तुम्ही फोटोत पाहिली आहे आणि मनात तीच भरली आहे. तिथे कसं जायचं, काय न्यायचं, आणि मुलीला घेऊन हे झेपेल का?

मुलीला घेऊन झेपेल, छान झेपेल. पण वासोट्याच्या पायथ्याशी नाही, आणि पाण्याला लागून तर कुठेच नाही. या दोन्ही 'नाही'ची कारणं सविस्तर सांगतो, कारण ती कळली की बाकीचं नियोजन निम्मं होऊन जातं. लोक वाट आधी ठरवतात, सामान आधी घेतात आणि मुक्कामाची जागा संध्याकाळी पाच वाजता शोधतात. माझं सांगणं उलट आहे. रात्री पाठ कुठे टेकायची ते घरी असतानाच ठरवा. वाट, पाणी, ओझं, परवानगी सगळं त्या एका जागेवरून ठरतं.

आधी वासोटा. शिवसागर म्हणजे कोयनेचा जलाशय, त्याच्या पश्चिमेचं ते जंगल कोयना अभयारण्यात येतं. हे अभयारण्य १९८५ सालचं, आणि २०१० मध्ये ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. बामणोलीहून बोटीने मेट इंदवलीला उतरायचं, गड चढायचा आणि दिवस मावळायच्या आत परत बोटीत बसायचं, एवढीच तिथे मुभा आहे. तीही वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, पावसाळ्याचे महिने सोडून. मुक्कामाला बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि आग लावणं हा वेगळा गुन्हा आहे. 'ओळखीचा बोटवाला सोडतो गुपचूप' असं कोणी सांगितलं तर तिथेच नमस्कार करा. पकडले जाल हे एक झालंच, पण रात्री काही झालं तर पलीकडच्या काठावर तुम्ही आहात हे कोणाला ठाऊक नसेल आणि सकाळपर्यंत बोटही येणार नाही. मुलगी बरोबर असताना हा विचारच नको.

आता दुसरा 'नाही', पाण्याला लागून झोपण्याचा. याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

कोयना, धोम, उरमोडी, कण्हेर, चांदोली ही सगळी धरणांची पाणी आहेत, नैसर्गिक सरोवरं नव्हेत. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), धोमची १३.५. पावसाळा संपता संपता ही काठोकाठ असतात आणि मग वीज, शेती आणि पिण्यासाठी पाणी सुटत जातं तशी उन्हाळ्यापर्यंत खाली खाली जातात. म्हणजे डिसेंबरात तुम्हाला जो 'काठ' दिसेल तो सप्टेंबरात पाण्याखाली होता. त्या पट्ट्याला आपल्याकडे बुडीत म्हणतात. ही जमीन धरणासाठी संपादित झालेली, शासनाची आहे. वरच्या शेताचा मालक तुम्हाला त्याच्या वावरात राहायला 'हो' म्हणू शकतो, बुडीत पट्ट्यासाठी त्याचा 'हो' पुरत नाही. पाणी ओसरलं की काही गावांतले लोक तिथे गाळपेर करतात. कोवळ्या पिकातून पाय टाकत जाऊ नका, एवढं तरी ध्यानात ठेवा.

दुसरं, तिथली माती. वरून सुकून भेगाळलेली, कडक दिसते. चार पावलं पाण्याकडे गेलात की खाली लोण्यासारखा गाळ असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. टेंटच्या खुंट्या त्यात धरत नाहीत. आणि पाणी जसं उतरतं तसं चढूही शकतं, अवकाळी पाऊस वरच्या खोऱ्यात झाला की ओढ्याच्या तोंडाशी ते आधी कळतं.

तिसरं, थंडी. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या तुम्ही दर डिसेंबर-जानेवारीत वाचता. त्याच पहाटे महाबळेश्वर गावात पारा काही अंश वर असतो. असं का? निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिच्या अंगची हवा गार होते, गार हवा जड असते आणि उतारावरून घरंगळत खोलगट भागात येऊन साचते. तलावाचा खोलगा म्हणजे या गार हवेची साठवणच. वर पाण्याची वाफ असल्यामुळे दव भरपूर पडतं. पाण्याला लागून लावलेला टेंट पहाटे चारला आतून-बाहेरून ओला असतो, स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू ओली होते आणि मग उरलेली रात्र कुडकुडत जाते. तोच टेंट पन्नास-साठ फूट उंचीवर, उताराच्या खांद्यावरच्या सपाट तुकड्यावर लावला तर रात्र कोरडी जाते. फरक एवढा असतो की एकदा अनुभवलात तर पुन्हा खाली झोपायचं नाव काढणार नाही.

चौथं, जनावरं. पाणी आपल्याला सुंदर दिसतं, गव्याला ते प्यायला लागतं. संध्याकाळी आणि पहाटे गवे, सांबरं, भेकरं, रानडुकरं पाण्यावर उतरतात आणि त्यांच्या ठरलेल्या वाटा असतात. काठच्या ओल्या मातीत खूर बघा. एका रेषेत, नवेजुने खूर एकावर एक पडलेले दिसले की ती वाट आहे. तिच्यावर टेंट म्हणजे दुसऱ्याच्या दारात झोपणं. गवा मुद्दाम अंगावर येत नाही, पण अंधारात अचानक समोर काही उभं दिसलं आणि मागे पिल्लू असलं तर काय करेल ते सांगता येत नाही.

म्हणून माझा नियम: काठावर बसा, चहा प्या, सूर्य मावळताना पाहा, आणि झोपायला वर या. पाण्यापासून निदान शंभर पावलं दूर आणि बुडीताच्या सर्वांत वरच्या खुणेच्याही वर. ती खूण ओळखायला सोपी आहे. तिच्या खाली झाडझाडोरा नाही, नुसती तांबडी-करडी उघडी माती, आणि वर गवत-झुडपं सुरू होतात.

मग जायचं कुठे? कोयनेचाच हट्ट असेल तर बामणोली ते तापोळा या पूर्वेकडच्या बाजूला गावं आहेत, त्यांच्या खाजगी जमिनी आहेत, काही ठिकाणी कृषी पर्यटन केंद्रंही आहेत. तापोळ्यापाशी सोळशी नदी कोयनेला मिळते, तो भाग फार देखणा. पण गावाची हद्द कुठे संपते आणि वनखात्याची कुठे सुरू होते हे डोळ्यांनी कळत नाही, त्यामुळे तिथल्या वनरक्षकाला विचारल्याशिवाय जागा पक्की करू नका.

पहिल्यांदाच कुटुंबाबरोबर जाताय म्हणून मी मात्र तुम्हाला धोमकडे पाठवेन. वाईच्या पश्चिमेला धोमचं पाणी पसरलंय आणि त्याच्या पाठीशी कमळगड उभा आहे. वासोळे गावाच्या बाजूला पाण्यापासून वर, गावकऱ्याच्या वावरात मुक्काम करायचा, मधल्या दिवशी हलकी सॅक घेऊन कमळगड करायचा. गड साधारण साडेचार हजार फूट उंच. वाट रानातून जाते, सावली चांगली आहे. वर तटबुरूज फारसे नाहीत, पण कावेची विहीर आहे. खडकात खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आत गेरूसारखी लाल ओली माती आणि भर दुपारी अंगावर येणारा गारवा. मुलीला ती विहीर आयुष्यभर लक्षात राहील. माथ्यावरून एका बाजूला धोमचं पाणी, दुसरीकडे कृष्णेच्या खोऱ्यात बलकवडीचं पाणी दिसतं. शिवाय वाई हाकेच्या अंतरावर, दवाखाना, एसटी, गाड्या सगळं आहे. पाठीवर सामान घेऊन चालण्याची हौस भागवायला गाडी अलीकडच्या गावात सोडा आणि गाडीरस्ता, पाऊलवाटा धरून काठाकाठाने, वस्त्यांमधून वासोळ्याकडे चालत या. वाट गावात विचारूनच घ्या, नकाशावरच्या पाऊलवाटा शेतांच्या कुंपणात संपतात.

सज्जनगडाखालचं उरमोडीचं पाणी एका रात्रीसाठी चांगलं, पण तिथे आता वर्दळ वाढली आहे. तुम्ही सांगलीचे म्हणून चांदोलीचा विचार मनात येईलच. शिराळ्याकडून दिवसाची सफारी जरूर करा, पण राष्ट्रीय उद्यानाच्या आत टेंटचा विषय नाही. आणि कासच्या पठारावर, कुठल्याही सड्यावर (उघड्या खडकाळ माथ्यावर), फुलांचा हंगाम संपला असला तरी टेंट लावू नका. सड्यावरची माती बोटभर जाडीची असते. तिच्यात पुढच्या वर्षीची बियाणी आणि कंद असतात. एका टेंटखाली आणि पाच जणांच्या बुटांखाली ती दाबली गेली की तिथे काही वर्षं काही उगवत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कास आलं ते या बोटभर मातीमुळे.

परवानगीची गोष्ट लोकांना अवघड वाटते, ती सगळ्यांत सोपी आहे. महिनाभर आधी एखाद्या रविवारी, मुलीला घेऊनच, गावात जाऊन या. पारावर बसलेल्या माणसाला विचारलंत तर तो सरपंचांचं किंवा पोलीस पाटलांचं घर दाखवेल. 'आम्ही पाच जण, घरचीच माणसं, दोन रात्री राहणार, दारू नाही, गाणी नाहीत, जाळ नाही' हे स्वतःहून सांगा. गावांनी पाहुण्यांचे फार वाईट अनुभव घेतले आहेत, रात्री दोनपर्यंत स्पीकर, फुटक्या बाटल्या, गुरांच्या पायात काचा. तुम्ही तसे नाही हे तुमच्या तोंडून ऐकलं की माणूस मोकळा होतो. ज्याच्या वावरात राहणार त्याला पैसे द्या, घासाघीस करू नका. एक वेळचं जेवण त्याच्या घरी सांगा. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि खर्डा असं ताट तुम्ही स्टोव्हवर सात जन्मांत करू शकणार नाही, आणि चार पैसे त्या घरात जातील. मोबदल्यात तुम्हाला जे मिळतं त्याला किंमत नाही: झरा कुठला चालू आहे, मधमाश्यांचं मोहोळ कुठल्या कड्याला लागलंय, परवा बिबट्या कुठे दिसला. हे कुठल्याही ॲपवर नसतं.

जागा बघायला गेलात की हे पाहा. जमीन सपाट दिसली तरी आडवं पडून बघा. डोकं खाली जात असेल तर रात्रभर झोप नाही. वर पाहा, वाळकी फांदी डोक्यावर नको, एकटं उंच झाड नको. ओढ्याच्या, ओहोळाच्या पात्रात कधीही नको, कितीही मऊ वाळू असो. मुंग्यांची वारुळं, उंदरांची बिळं, दगडांच्या राशी जवळ नकोत, कारण उंदीर तिथे साप. गुरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको. पूर्वेकडे तोंड असलेली जागा मिळाली तर सोनं, कारण सकाळचं ऊन लवकर येतं आणि टेंट वाळतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. बारा-तेरा तासांची रात्र असते हे विसरू नका. पाच वाजता टेंट उभे झाले पाहिजेत.

पाण्याचा हिशेब अंदाजपंचे करू नका. माणशी प्यायला तीन लिटर आणि स्वयंपाकाला एक-दीड लिटर धरा. पाच जणांना दिवसाला वीस-बावीस लिटर लागतात. एवढं पाणी पाठीवर येत नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून मुक्कामाजवळ घर, विहीर किंवा चालू झरा हवाच. डिसेंबरात बहुतेक झरे चालू असतात, फेब्रुवारीनंतर त्यांच्यावर भरवसा नको. जलाशयाचं पाणी थेट पिऊ नका, निवळशंख दिसलं तरी. फडक्याने गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तशीच ठेवा, आपल्या उंचीवर तेवढं पुरतं. उकळायचं नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबणं. तो अर्धा तास थांबायला मुलांना आधीपासून शिकवावं लागतं.

ओझं वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. साठ किलोच्या माणसाला बारा किलो, बस्स. मुलीला पाच-सहा किलोच्या वर देऊ नका: तिची स्लीपिंग बॅग, तिचे कपडे, तिचं पाणी. पण तिची सॅक तिचीच असू द्या. दुसऱ्याने उचललेल्या सामानावर मुक्काम करणं आणि स्वतः वाहून आणलेल्या सामानावर करणं यांत फार फरक आहे, आणि चौदाव्या वर्षी तो बरोबर कळतो. निघण्याआधी दोन-तीन आठवडे भरलेली सॅक घेऊन गणपतीच्या देवळापासून हरिपूरपर्यंत चाला. खांदे कुठे कापतात, बूट कुठे चावतो ते घरापाशीच कळू दे. नवा बूट थेट डोंगरात नेऊ नका.

पैसे कशावर खर्च करायचे असं विचाराल तर टेंटवर नव्हे, अंगाखालच्या मॅटवर. थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त खालून लागते. शरीराच्या वजनाने स्लीपिंग बॅगची खालची बाजू दबते आणि तिची ऊब संपते, मग जमीन सरळ तुमची उष्णता ओढते. फोमची एक चांगली जाड मॅट, तिच्याखाली प्लॅस्टिकचा कागद, आणि डोक्याला लोकरी टोपी, एवढ्यावर साधी बॅगही चालते. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, पिशवीत बांधून. दिवसभर घामाने भिजलेल्या बनियनवर कोणी झोपायचं नाही. टेंट भाड्याने मिळतात. घेताना अंगणात एकदा उभा करून खांब, खुंट्या, चेन बघा. टेंटची वरची जाळी थोडी उघडी ठेवा, थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलंत तर श्वासाच्या वाफेने आतच पाऊस पडतो. प्रत्येकाला स्वतःची हेडटॉर्च. मोबाइलची बॅटरी टॉर्चसाठी नाही, ती फोनसाठी ठेवा.

आणि जीव तोडून सांगतो: टेंटमध्ये स्टोव्ह नाही, निखाऱ्याची शेगडी नाही, घमेलं नाही. उबेसाठी आत निखारे ठेवले की त्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता, खोकला न येता झोपेतच माणसाला नेतो.

शेकोटीचंही असंच. राखीव जंगलात १९२७ च्या भारतीय वन कायद्याने जाळ करणं गुन्हा आहे. पण खाजगी वावरातही, डिसेंबरापासून गवत पिवळं पडायला लागलेलं असताना, मी करत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचे साताऱ्याचे डोंगर वणव्याने काळे होतात. त्यात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, कोवळी रोपं, सरडे, कासवं सगळं जातं. उब हवी तर गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या. शेतकऱ्याच्या अंगणातल्या चुलीपाशी तो बसवेल तर बसा, ती शेकोटी सगळ्यांत चांगली.

स्वयंपाक छोट्या गॅस-स्टोव्हवर. पाच जणांच्या दोन दिवसांच्या साध्या रांधण्याला २३० ग्रॅमचे तीन डबे मी धरतो. पहाटेच्या गारठ्यात डबा मंद चालतो, तो रात्री कपड्यांत गुंडाळून ठेवा. डबे एसटीत नेता येत नाहीत, आपल्या गाडीने जा. खायला फार प्रयोग नकोत. पहिल्या दिवशी घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही लावून केलेला कांदा. रात्री खिचडी आणि वर घरचं तूप. सकाळी भाजणी भिजवून थालीपीठ किंवा सरळ सांजा. चालताना गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, संत्री. वाफाळलेला मेतकूट-भात दमलेल्या पोरांना जे करतो ते कुठलं पाकिटातलं सूप करत नाही. पिठं, मसाले घरीच एका वेळेच्या मापाने पुड्या बांधून न्या. उरलेलं अन्न टेंटमध्ये ठेवू नका, उंदीर कापड कुरतडतात आणि रानडुकराला वास लांबून येतो. शेतकऱ्याच्या घरात ठेवायला दिलं की प्रश्न मिटला.

पोहण्याबद्दल स्पष्ट बोलतो. धरणाच्या पाण्यात पोहू नका. कृष्णाकाठी वाढलेल्या, नदीत पोहायला शिकलेल्या माणसांनाही मी हेच सांगतो. नदीचा तळ तुम्हाला ठाऊक असतो, धरणाचा नसतो. त्याच्या खाली डोंगरउतारावरची जुनी शेतं आहेत, त्यांच्या ताली म्हणजे बांध आहेत, झाडांचे बुडखे, विहिरी, घरांची जोती आहेत. कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की ताल संपते आणि खाली पुरुषभर खोल. वर गाळ. पाय अडकला की पोहता येण्याचा उपयोग नाही. पाय धुवायचे तर धुवा, तेही जिथे गावकरी गुरं पाण्यावर आणतात त्या टणक जागी. बोटीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बक्कल लावून, मांडीवर ठेवलेलं नव्हे. शक्यतो सकाळी जा, दुपारनंतर शिवसागरावर वारा उठतो आणि लाटा छोट्या बोटीला हलवतात.

सापांची भीती वाटत असेलच. डिसेंबरात ते कमी हिंडतात, पण नाहीत असं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आपल्याकडे आहेत. जमिनीवर नुसतं अंथरूण टाकून झोपणाऱ्याला मण्यार चावते, चेन लावलेल्या टेंटमधल्या माणसाला नाही. म्हणून चेन नेहमी बंद. बूट रात्री आत, सकाळी उलटे आपटून मग पाय घाला. अंधारात टॉर्चशिवाय दहा पावलंही नाही, दगड-लाकूड हाताने उचलायचं नाही. चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी-घड्याळ काढा, चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका आणि सरळ दवाखाना. प्रतिसर्पविष कुठल्या दवाखान्यात आहे हे आधीच्या त्या रविवारीच विचारून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, पण खोऱ्यात रेंज कुठे येते तो दगड, तो टेकाडाचा कोपरा गावकऱ्यांकडून माहीत करून घ्या.

सापापेक्षा मला आग्यामोहोळाची काळजी जास्त असते. गडांच्या कड्यांना ती लागलेली असतात. धूर, तीव्र अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं यांनी ती उठतात. डोंगरात जाताना अंगाला वासाचं काही लावू नका. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका, तोंड-डोकं कापडाने झाकून लांब पळा, झाडीत किंवा घरात शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबून राहतात.

शौचाला पाण्यापासून, ओढ्यापासून आणि वाटेपासून ऐंशी पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती पूर्ण ओढायची. एक हलकं खुरपं न्या. ओले कागद, सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, दुहेरी पिशवीत परत आणायचे. मुलीला हे आईने आधी नीट सांगून ठेवावं. पाळी त्याच दिवसांत आली तरी सहल रद्द करायचं कारण नाही, तयारी असली की झालं. भांडी पाण्यात बुडवून घासू नका, साबण तर नकोच. राखेने किंवा मातीने घासा आणि धुवण वावरात पांगवा. खाली गावं तेच पाणी पितात.

दिवसांची आखणी अशी ठेवा. शुक्रवारी पहाटे सांगली सोडा, वाईत नाश्ता, अकराच्या आत चालायला लागा, तिसऱ्या प्रहरी मुक्कामावर पोचा. मुलं असली की मोठ्यांच्या हिशेबात तासाभराची भर घाला, आणि सगळ्यांत मंद चालणाऱ्याला पुढे ठेवा, मागे नाही. शनिवारी उजाडताच कमळगड, सोबत गावातला वाटाड्या. रानातल्या ढोरवाटांत चुकायला वेळ लागत नाही. दोनच्या आत खाली. ती संध्याकाळ पूर्ण पाण्याकाठी घालवा. रविवारी टेंट वाळवूनच गुंडाळा आणि दुपारपर्यंत गाडीपाशी या, म्हणजे रात्रीच्या हायवेवर थकून गाडी चालवावी लागणार नाही.

महिना तुम्ही बरोबर निवडला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. पावसाळ्यात या बाजूला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, कानीट म्हणजे जळू पायाला लागते आणि पाणी रोज चढतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळीव विजा घेऊन येतो. तरीही निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज पाहा. अवकाळीचा इशारा असेल तर शेतकऱ्याला फोन करून पुढचा आठवडा सांगा, तो समजून घेतो.

शेवटी घरच्या एका माणसाकडे कागदावर लिहून ठेवा: गाडी कुठे लावली, कोणाच्या वावरात आहात, त्याचा नंबर, वाटाड्याचा नंबर, आणि 'रविवारी संध्याकाळी सहापर्यंत आमचा फोन आला नाही तर आधी यांना फोन कर.' रविवारी रेंजमध्ये आलात की पहिला फोन त्या माणसाला करा.